दोनशे गावांचा विहार

नालंद्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात मूर्तींची रेलचेल आहे. काळ्या पाषाणातले बुद्ध, तारा, अवलोकितेश्वर. शिवाय तळहातावर मावतील एवढ्या कांस्यमूर्ती. सहलीचे गट तिथेच घुटमळतात. त्याच संग्रहालयात उत्खननात मिळालेला जळका तांदूळही ठेवला आहे. काळेठिक्कर दाणे. त्यांच्यापुढे कोणी थांबलंच तर आगीचा पुरावा म्हणून गाइड बोट दाखवतो आणि गट पुढे सरकतो.

आग लागली होती यात शंका नाही. पण हा तांदूळ तिथे आला कुठून? कुठल्या गावात पिकला, कोणाच्या हुकमाने विहाराच्या कोठारात पडला, आणि तो येणं कधी थांबलं? मला हे प्रश्न आगीपेक्षा मोठे वाटतात. नालंद्याचा सुमारे आठशे वर्षांचा इतिहास त्या दाण्यांवरून जास्त सरळ वाचता येतो.

आपल्याला जो इतिहास ठाऊक असतो तो मात्र सगळा आगीचाच असतो. पाटण्याकडून रेल्वेने आलात तर बख्तियारपूरला राजगीरची गाडी धरायची. गावाचं नाव बख्तियार खिलजीवरून पडलं असं डब्यातलं कोणीही सांगतं, आणि तिथूनच गोष्ट सुरू होते. घोडेस्वार आले, नऊमजली ग्रंथालय पेटवलं, ग्रंथ तीन महिने धुमसत राहिले, भारतातलं ज्ञान एका दिवसात राख झालं. नागपूर, अकोला, मुंबईहून बोधगया-राजगीर-नालंदा-कुशीनगर अशा यात्रेला निघालेल्या आपल्या बौद्ध उपासकांच्या बसमध्येही हीच गोष्ट ऐकू येते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर ती रोज नव्याने पेटते. हजारो माणसांचा, शेकडो गावांवर पोसलेला संघ एका दिवसात कसा संपेल, हे विचारायचं आपण विसरलो आहोत.

नालंदा हे मुळात राजगृहाचं उपनगर. महावीरांनी राजगृह आणि नालंदा मिळून चौदा चातुर्मास काढले, असं जैन परंपरा सांगते. सारिपुत्ताचं गावही याच टापूतलं. पण पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी यात्रेकरू फाहियान इथून गेला, तेव्हा त्याला नोंदण्यासारखा मोठा विहार दिसला नाही. तो त्याच शतकात उभा राहिला. नंतरचा चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग संस्थापकाचं नाव शक्रादित्य देतो, आणि हा गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढच्या राजांनी शेजारी शेजारी एकेक विहार बांधला आणि सगळ्यांभोवती एक कोट घातला. आज पूर्वेच्या बाजूने आत शिरलं की एका हाताला विहारांची रांग आणि समोर मंदिरांची रांग दिसते. मधला रस्ता रुंद आणि सरळ आहे. आराखडा इतका शिस्तीचा की वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या राजांच्या पैशाने हे बांधलं गेलं यावर विश्वास बसत नाही.

ह्युएन त्सांग इथे आला सुमारे ६३७ साली. शीलभद्र तेव्हा प्रमुख होते, अतिशय वृद्ध. ह्युएन त्सांगचं चरित्र त्याचा शिष्य हुइ-लीने लिहिलं, त्यात या पाहुण्याला रोज काय शिधा मिळे त्याची यादीच आहे: वीस सुपाऱ्या, वीस जायफळं, थोडा कापूर आणि महाशाली तांदूळ. शिवाय दर महिन्याला तेल, रोजचं लोणी वेगळं. हा महाशाली टपोरा, शिजला की घमघमणारा. मगधाबाहेर पिकत नाही आणि राजांना नि थोर विद्वानांनाच मिळतो, असं चरित्रकार कौतुकाने सांगतो. त्याच चरित्रात पुढे येतं की राजाने सुमारे शंभर गावांचा महसूल विहाराला तोडून दिला होता आणि त्या गावांतली दोनशे घरं रोज तांदूळ, लोणी, दूध पोचवत. भिक्षूंना भिक्षेसाठी हिंडावं लागत नाही, म्हणून त्यांचा अभ्यास होतो, असा निष्कर्षही त्याने काढलेला आहे. सातव्या शतकातल्या माणसाने शिक्षणाच्या अर्थकारणावर इतकं स्वच्छ बोलावं याचं मला अप्रूप वाटतं.

मात्र हुइ-ली दहा हजार भिक्षू सांगतो तेव्हा जरा दमाने घ्यावं. तो स्वतः इथे कधी आलाच नव्हता. ह्युएन त्सांगनंतर आलेला चिनी भिक्षू ई-त्सिंग इथे सुमारे दहा वर्षं राहिला. हा माणूस हिशेबी. भिक्षूने दात कसे घासावेत, पाण्याचं भांडं कोणत्या हातात धरावं, जेवणाच्या आसनांत अंतर किती असावं हेसुद्धा तो लिहून ठेवतो. त्याचा आकडा तीन हजारांच्या थोडा वर आहे: आठ मोठी दालनं, तीनशे खोल्या. खोदून निघालेले अकरा विहार पाहिले की ई-त्सिंगच खरा वाटतो. प्रत्येक विहारात अंगणाच्या चारी बाजूंना खोल्या, त्यांच्यापुढे ओसरी, दारासमोर देवघर, कोपऱ्यात जिना, अंगणात विहीर आणि गटार. काही खोल्यांत भिंतीशी निजण्याचे विटांचे कट्टे आहेत. दहा हजार माणसं यात कोंबावीच लागतील. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुढे पुरातत्त्वाची अख्खी पिढी घडवणाऱ्या हसमुख सांकळियांचं पहिलं पुस्तक याच विषयावरचं. मुंबईत फादर हेरास यांच्याकडे केलेल्या अभ्यासातून ते तयार झालं आणि १९३४ साली छापलं गेलं. पुढे दगडी हत्यारांत रमलेल्या सांकळियांची सुरुवात भिक्षूंच्या खोल्यांपासून झाली हे फारसं कोणाला आठवत नाही.

ई-त्सिंगच्या वेळी विहाराकडे दोनशेहून जास्त गावं होती. भिक्षूने स्वतः नांगर धरायचा नाही. जमीन खणताना जीव मरतात. मग शेती कशी करायची? संघाने जमीन आणि बैल द्यायचे, कसणाऱ्याने कसायचं, आणि साधारणपणे पिकाचा सहावा हिस्सा संघाला. ताम्रलिप्तीच्या विहारात त्याला तिसरा हिस्सा घेतलेला दिसला. देवस्थान इनामाची जमीन ज्यांच्या घराण्यात कसली गेली आहे त्यांना हा व्यवहार समजावून सांगायला नको. आध्यात्मिक संस्था, तिचं कोठार, तिचा कारभारी आणि तिची कुळं. नालंद्याच्या उत्खननात मातीच्या मुद्रांचे शेकडो ठसे निघाले. धर्मचक्र, त्याच्या दोन बाजूंना हरणं आणि खाली ‘श्रीनालंदामहाविहारीय आर्यभिक्षुसंघस्य’ असं लिहिलेले ठसे चित्रांत नेहमी दिसतात. हर्षवर्धनाची आणि कामरूपच्या भास्करवर्म्याची मुद्राही तिथे मिळाली, तिचंही कौतुक होतं. त्यांच्याच बरोबर ग्रामजनपदांच्या, म्हणजे निरनिराळ्या गावांच्या पंचायतींच्या मुद्रा निघाल्या. त्यांची छायाचित्रं कोणी छापत नाही. पण तो गाव आणि विहार यांच्यातला रोजचा पत्रव्यवहार आहे, आणि राजाच्या मुद्रेपेक्षा विहाराचं पोट त्यांच्यावर जास्त अवलंबून होतं.

त्या पोटावर काय काय उभं होतं? विहाराजवळ दहाहून अधिक मोठे तलाव होते. रोज सकाळी घंटा झाली की भिक्षू आपापलं आंघोळीचं वस्त्र घेऊन निघत, कधी शंभर तर कधी हजार एकाच वेळी. वेळ मोजायला घटिकापात्र होतं. तळाला बारीक भोक असलेला तांब्याचा वाडगा पाण्यात सोडायचा, भरून बुडाला की ढोल वाजवायचा. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त अशाच घटिकापात्रावर धरत. संध्याकाळची प्रार्थना सगळ्यांनी एकत्र बसून म्हणणं अशक्य, इतकी माणसं. म्हणून एक पाठ म्हणणारा नेमलेला असे. तो दालनादालनांतून फिरे, त्याच्यापुढे सेवक आणि मुलं धूप-फुलं घेऊन चालत, आणि प्रत्येक दालनात तो थोडं म्हणून पुढे जाई. अंधार पडेपर्यंत त्याची फेरी पुरी होई. विद्वत्तेच्या कथा मात्र ह्युएन त्सांगने जास्त सांगितल्या. दारावरचा पंडित आधी प्रश्न विचारतो आणि दहातले सात-आठ तिथूनच परत जातात, ही त्याचीच. आपल्या प्रवेशपरीक्षांच्या देशाला ती फार आवडते, त्यामुळे कुठल्याही भाषणात नालंदा आलं की ती येतेच.

त्याने जाताना ६५७ ग्रंथ नेले, ५२० गठ्ठ्यांत बांधून. वाटेत सिंधू नदी ओलांडताना काही वाहून गेले. चीनला पोचल्यावर मगधातल्या भिक्षूंशी त्याचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि हरवलेल्या ग्रंथांची यादी पाठवून नव्या प्रती त्याने मागवल्या. प्रती करायला लेखनिक लागतात, ताडपत्रं लागतात, शाई लागते. लेखनिकालाही जेवायला लागतं.

इथे एका ताम्रपटाकडे वळायला हवं. १९२१ साली विहार क्रमांक १ मध्ये हिरानंद शास्त्री यांना तो सापडला. (हिंदी कवी अज्ञेय यांचे हे वडील. मुलाचा जन्मही कुशीनगरच्या उत्खननाच्या छावणीतला.) ताम्रपट पालराजा देवपालाचा, नवव्या शतकातला. सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाकडचा, शैलेंद्र राजा बालपुत्रदेव याने नालंद्याला एक विहार बांधला आणि त्याच्या खर्चासाठी गावं द्यावीत अशी दूतामार्फत देवपालाला विनंती केली. देवपालाने पाच गावं दिली: राजगृह विषयातली, म्हणजे जिल्ह्यातली, नंदिवनाक, मणिवाटक, नटिका आणि हस्तिग्राम, आणि गया विषयातलं पालामक. कशासाठी, तेही लिहिलं आहे. बुद्धाच्या पूजेसाठी, भिक्षूंच्या अन्नासाठी, वस्त्रांसाठी, अंथरुण-पांघरुणासाठी, औषधासाठी, धर्मग्रंथ लिहून घेण्यासाठी आणि विहार मोडकळीला आला तर दुरुस्तीसाठी.

माझ्या मते नालंद्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज हाच. समुद्रापलीकडचा राजा इमारत बांधू शकतो, पण ती चालवायला मगधातली गावंच लागतात, आणि ती देण्याचा अधिकार मगधाच्या राजालाच. दुरुस्तीची तरतूद तर दानपत्रातच केलेली. विटांच्या इमारती पडणार, जळणार, खचणार हे दान देणाऱ्याला ठाऊक होतं.

आणि त्या जळल्याही, खिलजीच्या कितीतरी आधी. मंदिर क्रमांक १२ जवळ, बालादित्याच्या मंदिराच्या ढिगाऱ्यात, दाराच्या चौकटीचा एक दगड मिळाला. पालराजा महीपालाच्या अकराव्या राज्यवर्षातला, म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरचा. आगीत जळाल्यानंतर तेलाढक गावाच्या बालादित्य नावाच्या उपासकाने मंदिराचा जीर्णोद्धार केला असं त्यावर कोरलेलं आहे. हे तेलाढक म्हणजे आजचं तेल्हाडा. अलीकडे तिथेही मोठा विहार खोदून निघाला आहे. मंदिर क्रमांक ३, ज्याचं चित्र प्रत्येक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर असतं, ते तर सात वेळा बांधलं गेलं. आधीच्या मंदिरावर पुढचं, त्यावर आणखी पुढचं. कोपऱ्यातल्या मनोऱ्यावरच्या चुन्याच्या सुबक मूर्ती पाचव्या खेपेच्या. म्हणजे जळणं आणि पडणं हे नालंद्याला नवं नव्हतं. दर वेळी गावांतून धान्य येत राहिलं आणि दर वेळी विटा नव्याने रचल्या गेल्या.

पालांच्या काळात एक गोष्ट बदलली. धर्मपालाने विक्रमशीला काढलं, सोमपूरला प्रचंड विहार उभा राहिला, ओदंतपुरी तर नालंद्यापासून काही कोसांवर. राजाचा हात आता चार-पाच ठिकाणी वाटला गेला. तरी नालंदा बाराव्या शतकातही जागं होतं. रामपालाच्या पंधराव्या वर्षी इथे लिहिलेली प्रज्ञापारमितेची सचित्र ताडपत्री पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तिच्यातले रंग अजून ताजे आहेत.

आता खिलजी. मिन्हाज-ए-सिराज याने १२६० च्या सुमाराला ‘तबकात-ए-नासिरी’ पुरी केली. बिहारवरच्या स्वारीची हकीगत त्याने लखनौतीत १२४३ साली समसामुद्दीन नावाच्या सैनिकाकडून ऐकलेली. हा आणि त्याचा भाऊ निजामुद्दीन स्वारीत होते. बख्तियार दोनशे स्वार घेऊन बिहारच्या ‘किल्ल्या’च्या दारावर गेला, आत शिरला, लूट केली. तिथल्या मुंडन केलेल्या माणसांना ठार मारण्यात आलं. पुष्कळ पुस्तकं मिळाली. ती वाचून सांगायला माणूस शोधू लागले तर एकही जिवंत उरला नव्हता. मग कळलं की हा किल्ला नव्हे, शिकण्याची जागा आहे. हा किल्ला म्हणजे ओदंतपुरी, आजचं बिहारशरीफ, असं बहुतेक इतिहासकार मानतात. मिन्हाज नालंद्याचं नाव घेत नाही. तीन महिने जळणारं ग्रंथालय त्याच्या हकीगतीत नाही.

एवढं सांगितलं की लगेच दोन तट पडतात. एका तटाला वाटतं, आपण कत्तलीवर पांघरूण घालतोय. कशाला घालू? कत्तल मिन्हाजने स्वतः लिहिली आहे, तीही अभिमानाने. दुसरा तट तारानाथाचा हवाला देतो. तिबेटी इतिहासकार तारानाथ १६०८ साली लिहितो: दोन तीर्थिक, म्हणजे बौद्धेतर, भिक्षेकऱ्यांच्या अंगावर विहारातल्या पोरांनी घाण पाणी फेकलं, त्यांतल्या एकाने सूर्याची बारा वर्षं उपासना केली आणि सिद्धीच्या अग्नीने नालंदा जाळलं. म्हणजे ब्राह्मणांनी जाळलं, तुर्कांनी नव्हे! घटनेनंतर कित्येक शतकांनी, दूर तिबेटात लिहिलेली चमत्काराची कथा न्यायालयात साक्ष म्हणून उभी करावी, याला काय म्हणावं? दोन्ही तट आगच शोधत असतात. कोणी लावली एवढाच वाद.

तिसरा साक्षीदार मात्र स्वतः तिथे होता. छग लोत्सावा, संस्कृतात धर्मस्वामी, जन्म ११९७, तिबेटी. तो १२३४ ते १२३६ या काळात मगधात होता. खिलजीच्या स्वारीला तीस-पस्तीस वर्षं झाली होती. जॉर्ज रोरिख यांनी त्याच्या चरित्राचं इंग्रजी भाषांतर केलं आणि पाटण्याच्या जायसवाल संशोधन संस्थेने ते १९५९ साली छापलं. त्याला विस्तृत प्रस्तावना लिहिली अनंत सदाशिव आळतेकरांनी. कोल्हापूरकडचे हे विद्वान तेव्हा त्या संस्थेचे संचालक होते. नालंद्यावर बोलणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ही प्रस्तावना वाचावी असं मला वाटतं, निदान वादात उतरण्याआधी.

धर्मस्वामी सांगतो की विक्रमशीला राहिलेलंच नाही. ओदंतपुरीत तुर्क सरदाराचं ठाणं बसलं आहे. नालंद्याला मात्र विहार उभे आहेत. पुष्कळ मोडलेले, वापरण्याजोगे दोनच. तिथे राहुलश्रीभद्र नावाचे नव्वदी उलटलेले आचार्य सत्तर विद्यार्थ्यांना शिकवतात. धर्मस्वामी त्यांच्याजवळ संस्कृत व्याकरण शिकू लागतो. म्हणजे जगाच्या दृष्टीने नालंदा जळून खाक झालं होतं, तेव्हा तिथे प्रत्यक्षात धातुरूपं घोकली जात होती.

या शाळेचा खर्च कोण चालवत होतं? दोनशे गावं नव्हेत. बोधगयेचा राजा बुद्धसेन थोडी मदत करी, आणि ओदंतपुरीत राहणारा जयदेव नावाचा एक गृहस्थ, ब्राह्मण, आचार्यांचा शिष्य. एकच माणूस. त्याला तुर्क सरदाराने धरून ठेवलं. कैदेतून त्याने निरोप धाडला: सरदार नालंद्यावर सैनिक पाठवतोय, गुरुजी आणि शिष्यांना मारतील, पळा. विद्यार्थी पांगले. आचार्य म्हणाले, मी नव्वदीचा, मरणारच आहे, तू जा. धर्मस्वामीने ऐकलं नाही. त्याने गुरूंना पाठीवर घेतलं, थोडा तांदूळ, साखर आणि मोजकी पुस्तकं बरोबर घेतली, आणि दोघं नैऋत्येला काही अंतरावरच्या ज्ञाननाथाच्या देवळात जाऊन लपले. तीनशे सैनिक आले, कोणी सापडलं नाही, परत गेले. पुढे जयदेव सुटला. गुरुशिष्यांनी शिकवणी पुन्हा सुरू केली आणि अभ्यास पुरा झाल्यावर धर्मस्वामी तिबेटला परतला.

शेकडो खोल्या, दहा तलाव, सुमात्रा-जाव्यापर्यंत गेलेलं नाव. त्या सगळ्याचा शिधा शेवटी एका माणसाच्या पाठीवर मावला.

नालंदा कसं संपलं याचं उत्तर मला या प्रसंगात दिसतं. आग तर महीपालाच्या आधीही लागली होती, पण तेव्हा तेल्हाड्याहून बालादित्य येऊन उभा राहिला, कारण त्याच्या मागे गावं होती आणि गावांच्या मागे राजा. बाराव्या शतकात पालांची सत्ता ओसरली. तुर्क आल्यावर मगधाचा महसूल इक्तेच्या रूपाने सरदारांना वाटला जाऊ लागला, घोडी आणि शिपाई पोसण्यासाठी. कुळाला देणं चुकलं नाही, फक्त धान्याची गाडी दुसऱ्या दारात जाऊन थांबली. असा विहार पेटवायचीही गरज राहत नाही. पडलेली भिंत कोणी उचलत नाही, गटार तुंबतं, लेखनिक निघून जातो, आणि आचार्य म्हातारे होतात.

तरीही नाव टिकून होतं. चौदाव्या शतकात ध्यानभद्र नावाचा एक भारतीय भिक्षू चीनमार्गे कोरियात पोचला. लहानपणी नालंद्यात दीक्षा घेतल्याचं तो सांगे. तो वारला १३६३ साली, आणि कोरियातल्या होएआम-सा या मठाची मांडणी त्याच्या सांगण्यावरून नालंद्यासारखी केली, असं तिथली परंपरा मानते. मगधात विटांवर माती चढत होती तेव्हा कोरियात नालंदा बांधलं जात होतं.

मग ते पुरतं विसरलं गेलं, आणि विसरण्याची तऱ्हाही मजेशीर. १८११-१२ साली फ्रान्सिस बुकानन हा सर्वेक्षक अवशेषांशेजारच्या बडगावला आला तेव्हा ढिगाऱ्यांना नाव होतं कुंडिलपूर. ब्राह्मण म्हणाले, हे रुक्मिणीचं माहेर. जैन पुजारी म्हणाला, हा राजा श्रेणिकाचा वाडा. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरकरांनी हे ऐकलं तर काय म्हणतील कोण जाणे. वर्धेकाठची रुक्मिणी गंगेच्या दक्षिणेला मगधात कशी पोचली, त्याचंही एकदा संशोधन व्हायला हरकत नाही. बुद्धाचं नाव मात्र कोणीच घेतलं नाही. १८६१-६२ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅमने ह्युएन त्सांगच्या अंतरांचा आणि तिथे मिळालेल्या शिलालेखांचा आधार घेऊन हेच नालंदा असं ठरवलं. नंतर बिहारचा दंडाधिकारी ब्रॉडली याने मजुरांची फौज लावून काही दिवसांत एक मंदिर उपसून काढलं. त्या घाईत काय काय हरवलं असेल याचा विचार न केलेला बरा. शास्त्रशुद्ध खोदाई १९१५ मध्ये डेव्हिड स्पूनरने सुरू केली, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पैशाने; ती १९३७ पर्यंत चालली आणि १९७४ पासून काही वर्षं पुन्हा. २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव लागलं.

आज आपण जे पाहतो त्यातला बराच भाग या खोदाईनंतर रचलेला आहे. उघड्या पडलेल्या भिंती पावसात विरघळू नयेत म्हणून वरचे थर नव्या विटांचे चढवले, कोपरे सरळ केले, जिने बांधून काढले. ते करणं भागच होतं. पण ‘हजार-पंधराशे वर्षांपूर्वीची वीट’ म्हणून जिच्यावर हात ठेवून लोक छायाचित्र काढतात, ती पुष्कळदा विसाव्या शतकातली असते. बारकाईने पाहिलं तर फरक कळतो: जुनी वीट रुंद, चपटी, सांधे इतके घट्ट की नख जात नाही. गवत नीट कापलेलं, पायवाटा फरसबंद, मधे गुलाब. अवशेषांची बाग करण्याची इंग्रजी सवय आपल्या पुरातत्त्व खात्याने मनापासून जपली आहे.

शेजारीच भिक्षू जगदीश काश्यप यांनी १९५१ साली उभं केलेलं नवनालंदा महाविहार आहे. देवनागरीतलं पाली त्रिपिटक ४१ खंडांत छापून निघालं ते यांच्या संपादनाखाली. आपल्याकडच्या कितीतरी पाली अभ्यासकांच्या कपाटात ते असतं. राजगीरला २०१० च्या कायद्याने नवं नालंदा विद्यापीठ निघालं, २०१४ मध्ये वर्ग सुरू झाले आणि जून २०२४ मध्ये नव्या आवाराचं उद्घाटन झालं. त्याचा खर्च शिक्षण खातं करत नाही, परराष्ट्र मंत्रालय करतं, आणि काही परदेशी सरकारांनीही हातभार लावला आहे. बालपुत्रदेवाला हे ऐकून नवल वाटलं नसतं.

बडगावात अवशेषांच्या कडेला एक मोठी काळी बुद्धमूर्ती अजून पूजेत आहे. गावकरी तिला तेलिया बाबा म्हणतात आणि तेल वाहतात. अशक्त लेकरू बाबासारखं अंगाने भरावं म्हणून आया येतात. थायलंडचे यात्रेकरू तिथेच बसून सूत्रं म्हणतात. दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही.

जाणार असाल तर एवढंच करा. मंदिर क्रमांक ३ समोरचं छायाचित्र उरकलं की विहारांच्या अंगणांत उतरा आणि विहिरी, गटारं आणि विटांच्या चुली शोधा. मंदिर क्रमांक १३ च्या उत्तरेला धातू वितळवण्याची भट्टी आहे, चार कप्प्यांची. संग्रहालयातल्या कांस्यमूर्ती कुठे ओतल्या जात असतील याची तिथे कल्पना येते. सहलीचे गट सहसा तिकडे फिरकत नाहीत. बसला पुढे सिलावला खाजा घ्यायला थांबायचं असतं आणि राजगीरचा रोपवे संध्याकाळी बंद होतो. सकाळी दार उघडताच आत शिरलात तर भट्टीही होते आणि खाजाही.